टँग्र्यातलं चायनीज आणि वन बाय टू सूप

कलकत्त्याला जायचं ठरल्यावर बाबांची यादी लगेच तयार झाली, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया वगैरे, आणि माझ्या यादीत एकच गोष्ट होती, एक संध्याकाळ टँग्र्यात, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत, जाऊन चायनीज खायचं. आई म्हणाली, "अगं, आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये एवढं अंग आंबवून जायचं आणि तिथे चायनीज खायचं? आपल्या पद्मावतीला गाडीवर मिळतं की." दादा-वहिनीला चालणार होतं, भाच्याला तर रोज द्या. आईला तयार केलं ते शेवटी कालीमातेनं. टँग्र्यात चायनीज काली मंदिर आहे आणि तिथे नैवेद्याला नूडल्ससुद्धा असतात, हे सांगितल्यावर "देवीला चालतं ना, मग चला" म्हणून सगळ्यांच्या आधी टॅक्सीत जाऊन बसली.

टँग्रा म्हणजे काही सिनेमातलं चायनाटाऊन नाही हां. उंच भिंती, मोठाली लोखंडी गेटं, मधूनच चिनी अक्षरांची पाटी. हाक्का चिनी लोकांचे इथे चामडं कमवायचे कारखाने होते, 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रदूषणामुळे ते हलवायला सांगितलं, बरेच बंतालाला गेले, आणि माणसंही बरीच कॅनडाला वगैरे निघून गेली. मी हे सगळं गाडीत सांगत होते तर बाबांना 62 चं युद्ध आठवलं, तेव्हा आजीनं संरक्षण निधीला अंगठी दिली होती ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण त्याच वेळी आपल्याच देशातल्या, बऱ्याचशा इथेच जन्मलेल्या चिनी वंशाच्या जवळपास 3000 लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं, कित्येकांना काही वर्षं, हे त्यांना माहीत नव्हतं. "लहान पोरंसुद्धा?" हो, सुद्धा.

असो. हॉटेलात बसल्या बसल्या बाबांमधला पुणेकर जागा झाला. "दोन सूप, वन बाय टू करा, आणि एक बाउल जास्तीचा द्या." वेटरनं काही न बोलता पाच बाउल आणले, आणि सूप इतकं होतं की सगळ्यांना पुरून उरलं, बाबांचा विजय. आईनं तिच्या हिंदीत विचारलं, "भैया, व्हेजका कढई अलग है ना?" तो म्हणाला, "हां मासीमा." मासीमा म्हटल्यावर आई खूश, पुढे एकही प्रश्न नाही.

खरी गंमत भाच्यानं केली. त्यानं ट्रिपल शेजवान मागितलं. वेटरला कळेना. मग याने हातवारे करून समजावलं, खाली राइस, त्यात नूडल्स, वर लाल ग्रेव्ही, त्यावर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स. वेटर म्हणाला, "सब एक साथ?" आणि चेहरा असा केला की वहिनीनं घाईघाईनं मिक्स्ड हाक्का चाऊ, म्हणजे नूडल्स, सांगून टाकलं.

चिली चिकन आलं तर ते लाल नव्हतंच! तपकिरी, कोरडं, सोया सॉसचं, वर चिरलेल्या हिरव्या मिरच्या, आणि तिखट हळूहळू चढत जाणारं. आपल्या गाडीवरचा तो केशरी रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहतो, तो इथे नाही. मंच्युरियन मात्र आपल्याकडचं, 1975 मध्ये मुंबईत क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वांग नावाच्या शेफनी केलं असं सांगतात, पण ते वांगही मूळचे कलकत्त्याचेच, त्यामुळे दादानं सुरू केलेला महाराष्ट्र विरुद्ध बंगाल वाद तिथेच मिटला. गोल्डन फ्राइड प्रॉन्स बाबांनी "एक बघतो" म्हणत अर्धी प्लेट संपवली. आईनं व्हेज नूडल्स खाऊन निकाल दिला, "यात कोबी कमी आहे." तक्रार नव्हती ती, गाडीवाल्याला टोमणा होता.

माझं प्रामाणिक मत, मला दोन्ही आवडतं. पावसात गाडीवर उभं राहून शेजवान राइस खायची मजा तिथे नाही. पण चिली चिकन टँग्र्याचं, यावर मी भांडायला तयार आहे.

जाणार असाल तर संध्याकाळी जरा लवकर जा, आधी मंदिराला नमस्कार करून घ्या, प्रॉन्स सोडू नका, आणि राइस माणशी एक अजिबात सांगू नका. आमचा उरलेला राइस आईनं पॅक करून घेतला आणि सकाळी हॉटेलच्या खोलीत बाबांनी तो थंडच खाल्ला, लोणच्याबरोबर.