एखादा मोठा वादक झाला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या विठ्ठल मंदिरातला पखवाज-भजनाचा वर्ग बघायला आलेला पाहुणा चहा संपता संपता एकदा तरी विचारतोच, "इतकी वर्षं शिकवताय, यातला एखादा मोठा वादक झाला का?"

नाही झाला. एक जण चाकणला कंपनीत आहे, एक दूध संकलन केंद्रावर, दोघं शेती बघतात. एक मुलगी नर्सिंग करते, तिचा हात सगळ्यांत गोड.

वर्ग सुरू झाला तो नाइलाजानं. गावात पखवाज वाजवणारा मी एकटा उरलो होतो. गावच्या हरिनाम सप्ताहासाठी बिदागी ठरवून बाहेरून एक वादक सांगितला होता, तो आलाच नाही. रात्रीच्या कीर्तनाला मी, जागराला मी, पहाटे चारच्या काकड्याला, म्हणजे काकड आरतीलाही मीच. चौथ्या दिवशी बोटं इतकी सुजली की काकडा नुसत्या टाळांवर झाला. कुणी काही बोललं नाही, पण देवळात काहीतरी कमी आहे हे झोपेतून उठून आलेल्या पोरांनाही कळत होतं. त्याच दिवाळीनंतर सहा पोरं घेऊन बसलो.

मी स्वतः शिकलो ते आळंदीहून आलेल्या एका महाराजांकडे. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या परंपरेतून आलेला माणूस. त्यांनी आम्हाला महिनोन् महिने नुसता 'ता' हा एकच बोल वाजवायला लावला. मी इतका कडक नाही. पण डाव्या तोंडाला कणीक कशी लावायची, किती ओली, किती जाड, हे आधी शिकवतो. सप्ताहात ती कणीक पंगतीच्या परातीतूनच उचलतात, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या बायकांशी सलोखा राखणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग.

खरी शाळा मात्र पखवाजाची नाही, टाळकऱ्यांच्या रांगांची. दोन रांगा समोरासमोर. एका रांगेनं म्हटलेलं चरण दुसरी उचलते. नवीन पोराला मी कधीच कडेला उभं करत नाही. दोन जुन्यांच्या मधोमध घुसवतो. शब्द पाठ नसले तरी समोरून एकदा ऐकू येतात, मग डाव्या-उजव्या कानांत. चुकलं तर टाळांच्या आवाजात बुडून जातं. पावली चुकली तर मात्र शेजारच्याच्या पायावर पाय पडतो आणि लगेच सुधारते! अशी कितीतरी अवघड चाल फळ्यावर न लिहिता पोरांच्या तोंडी बसली आहे.

अडचण येते चौदाव्या-पंधराव्या वर्षी. आमच्याकडे भजन काळी चार-पाचात, म्हणजे उंच पट्टीत चालतं आणि आवाज फुटलेल्या मुलाला तो सूर लागत नाही. आधी असली पोरं लाजून यायचीच बंद व्हायची. आता आवाज फुटला की दोन वर्षं पखवाजावर. ती दोन वर्षं घराघरांतून कटकटीचीच असतात, बापाशी बोलणं बंद असतं, पण ठेका धरायला कुणाशी बोलावं लागत नाही.

दहावीत नापास झालेला एक मुलगा चार महिने देवळाकडे फिरकला नव्हता. सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची यादी लावली तेव्हा रात्री दोन ते चारच्या रकान्यात त्याचं नाव त्यानंच लिहिलेलं दिसलं. वीणा सातही दिवस खाली टेकवायची नसते, दर दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोनला देवळात कोण येतं? निकाल विचारणारं तर कुणीच नाही. त्यानं पाच रात्री तोच पहारा केला. ऑक्टोबरात परत परीक्षेला बसला की नाही ते मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचं विचारता? बसवतो हौशी पोरांना. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही खूश असतात. मला त्याचं वावडं नाही. चौतालासारखा ताल हातावर ताली-खाली दाखवत म्हणता आला पाहिजेच. पण चाळीस टाळ एकदम तापले आणि गजराची लय पळू लागली की ती ओढून धरायची कशी, हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. गेल्या वर्षी नर्सिंगवाल्या मुलीनं ती धरली. जुन्या मंडळींपैकी दोघांनी आधी नाकं मुरडली होती, "पोरगी कशाला पखवाजावर?" म्हणून. कीर्तन संपल्यावर त्यांतल्या एकानं तिला विचारलं, "उद्या काकड्याला हाईस का?"

ती म्हणाली, "ड्युटी हाय आप्पा, पण शेवटच्या दिवशी काल्याला येते."

काकड्याला आठवीतला एक जण बसला. मी घरी झोपलो होतो.