दोन अँटेना आणि एक लाल पट्टी : आमची वाटचाल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती वायरलेस सेट आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) दुरुस्तीने. 2000 च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. शंभरेक मीटरची गफलत दहा-वीस मीटरवर आली आणि तांडेल (बोट चालवणारी) मंडळी आपणहून दुकानाची पायरी चढू लागली.

एक तक्रार मात्र कायमची. बोट चालती असली की जीपीएसच्या पडद्यावरचा दिशेचा बाण नीट, जाळं टाकून थांबलो की गरागरा फिरतो! फिरणारच. एकट्या अँटेनाला बोट कुठे सरकली ते कळतं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कुणीकडे आहे ते नाही. होकायंत्र आहे की, पण त्याच्या शेजारी कुणीतरी लाउडस्पीकर ठोकलेला असतो, त्यातल्या चुंबकाने सुई भरकटते.

खाडीतला गाळ मोजणाऱ्या एका लोखंडी लाँचचं काम आलं तेव्हा हा प्रश्न पैशाचा झाला. तिथे खोली मोजणारं यंत्र अँटेनापासून चार मीटरवर होतं. दिशेत पाच अंश चुकलं की खोलीची नोंद पस्तीस सेंटिमीटर बाजूला पडणार. मग अर्ध्या मीटरवर दोन अँटेना बसवल्या. उपग्रहाची लहर 19 सेंटिमीटरची. दोन्हीकडे ती कितपत पुढेमागे पोहोचते हे यंत्र काही मिलिमीटरपर्यंत ताडतं. पाच मिलिमीटर चुकलं तरी दिशेत फरक साधारण अर्ध्या अंशाचा. बोट जागच्या जागी उभी असली तरी चालतं, आणि शेजारच्या लोखंडाचं त्याला सोयरसुतक नाही. लोखंडावरून परतून येणारी लहर मात्र छळते, म्हणून अँटेना डोलकाठीपासून लांब, उघड्यावर.

आणि तिथेच आम्ही हसं करून घेतलं. जेटीवरून निघालो, तांडेलाने पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "काय ओ, मशीन सांगतंय आपण पाठी पाठी चाललोय." पुढच्या-मागच्या अँटेनांच्या केबली अदलाबदल झाल्या होत्या. बरोबर 180 अंश! परत जेटीला, दोन केबली काढून लावायला दहा मिनिटं. पण त्या दिवसाचं डिझेल आमच्या खात्यात गेलं.

पुढे तिसरी अँटेना आडवी लावून बोट बाजूला किती कलते, तो डोलही मोजू लागलो. वीस मीटर पाण्यात तीन अंश कललं की तळाचा बिंदू मीटरभर सरकतो, हे गिऱ्हाइकाला पटवायला फार बोलावं लागत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर. आमचा हंगाम तोच. नाळेकडच्या केबलीला आधी लाल पट्टी गुंडाळायची, मगच स्क्रू हातात घ्यायचा.