बाईंनी विचारलेला प्रश्न

"तुमचं हे जग उद्या बंद पडलं, तर मी उभं केलेलं सगळं कुठे जाणार?"

जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला हे विचारलं, तेव्हा मी त्यांना आमच्या ग्रिडवरचं, म्हणजे संगणकावरच्या आमच्या त्रिमितीय आभासी जगातलं, नवं सभागृह दाखवत होते. तीन आठवडे खपून बांधलेलं. त्यांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

जुन्या मंडळींना आठवत असेल. सेकंड लाइफ या अशाच आभासी जगात शैक्षणिक संस्थांना जमिनीच्या दरात निम्मी सवलत होती, म्हणून विद्यापीठांनी तिथे बेटं घेतली. ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर झालं की जानेवारी २०११ पासून सवलत बंद. संस्थांची अंदाजपत्रकं आधीच ठरलेली असतात. कित्येकांनी बेटं सोडली. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेला विश्वास तसा परत येत नाही.

आमचं ग्रिड ओपनसिम्युलेटर या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात अख्खं रीजन, म्हणजे जगाचा एक चौकोनी तुकडा, त्यावरची जमीन, वस्तू, वस्तूंना चालवणाऱ्या स्क्रिप्ट असं सगळं, एका ओएआर फाईलमध्ये साठवता येतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर तसंच उभं करता येतं. मी बाईंना शब्द दिला की दर सत्राच्या शेवटी ही फाईल त्यांच्या हातात असेल. मात्र त्यासाठी बेटावरची प्रत्येक वस्तू आपण बनवलेली किंवा मुक्त परवान्याची हवी. दुसऱ्याचं झाड उचलून लावलं, की ते सोबत नेण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

पूर्वी आम्ही संस्थांना म्हणायचो, "या, जमीन मोफत घ्या." २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद मोकळं रीजन. तीन संस्था आल्या. तिन्ही ठिकाणी आज नावाची पाटी आहे, बाकी गवत. शिकवण्याचे तास सांभाळून बांधकाम शिकायला कुणाला वेळ असतो? सेकंड लाइफमधल्या टेक्सास वेस्लेयन विद्यापीठाच्या जीनोम आयलंडवर मेंडेलच्या वाटाण्यांचा संकर करून पाहता यायचा. तिथे शिक्षकाला जमीन दिसत नव्हती, तयार तास दिसत होता.

म्हणून बाईंसाठी आम्ही एकच धडा बांधला: नेफ्रॉन, मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी. मुलं ग्लुकोजच्या रेणूमागून केशिकागुच्छातून नलिकेत उतरतात, आणि नलिकेचं पुढचं वळण, म्हणजे हेन्लेचा वळसा, यायच्या आधीच तो रेणू भिंतीतून पुन्हा रक्तात जातो. फळ्यावरच्या आकृतीत हा बाण असतोच. इथे मात्र तो रेणू निघून जातो आणि मुलं नलिकेत मागे उरतात. बाई तिथेच थांबून विचारतात, "का गेला?"

पहिला तास वाया गेला. व्ह्यूअर, म्हणजे या जगात शिरायचं सॉफ्टवेअर, रीजनशी यूडीपी या नेटवर्क पद्धतीने बोलतो आणि महाविद्यालयाच्या फायरवॉलने ते पोर्ट बंद ठेवलेले. मी घरून तपासलं होतं, प्रयोगशाळेतून नाही. तेव्हापासून मी प्राचार्यांच्या आधी संगणक विभागाला भेटते. आणि पहिल्या तासिकेत विषय काढायचाच नाही: चालणं, बसणं, कॅमेरा फिरवणं आणि अवताराचे, म्हणजे आपल्या तिथल्या रूपाचे, कपडे, कारण मुलं कपडे बदलणारच. त्या तासाला आमचे पाच-सहा रहिवासी मदतीला हजर असतात.

एका गोष्टीवर आमच्यात वाद आहे. काहींना वाटतं, विद्यार्थी आलेच आहेत तर त्यांना आपल्या मैफलींना बोलवावं, गर्दी दिसेल. मला हे मुळीच मान्य नाही. वर्ग चालू असताना ते रीजन बंद असलं पाहिजे, प्रवेश फक्त यादीतल्या नावांना. पालकांनी संस्थेवर टाकलेला विश्वास आमच्या दारात येऊन सैल पडता कामा नये.

सत्र संपल्यावर बाईंनी ती फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. नेफ्रॉन जागेवर होता. मग त्यांनी भौतिकशास्त्राच्या सरांना माझ्याकडे पाठवलं. सरांना चंद्रावर टाकलेला चेंडू हवा आहे, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश. स्क्रिप्टमधून एकेका वस्तूला तसा गुणांक देता येतो. या आठवड्यात त्यावरच बसले आहे.