पेडणे ते लोलये: रुंद झालेल्या आणि अरुंद राहिलेल्या महामार्गावरून

मार्गशीर्षातील एका बुधवारी आईला घेऊन मामांकडे लोलयेला जाण्याचा योग आला. पेडण्याहून लोलये म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकापासून जवळजवळ दक्षिण टोकापर्यंतचा, शंभर किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास. तो जवळपास सगळा राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून होतो, ज्याला आमच्या घरात अजूनही जुन्या क्रमांकाने ‘सतरा नंबर’ म्हणतात. गेली काही वर्षे या रस्त्याचे चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्यामुळे एकाच दिवसात पूर्ण झालेला, अर्धवट असलेला आणि अजून हातही न लागलेला असा तीन प्रकारचा रस्ता आम्हाला भेटला. त्यात मला खरी भीती वाटली ती चौपदरी रस्ता अचानक दुपदरी होतो त्या सांध्यांवर, आणि या वाटेने पुढे जाणाऱ्यांना मुख्यतः त्याविषयीच सांगायचे आहे.

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. मालपे येथे २०२४ च्या पावसाळ्यात संरक्षक भिंत कोसळून माती आणि दगड रस्त्यावर आले होते. जांभ्याचा डोंगर सरळ उभा कापला आणि वरून येणाऱ्या पाण्याला गटाराची वाट दिली नाही, की पावसाचे पाणी आतल्या मातीत मुरते आणि कड सुटते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात इथून जाताना डोंगराच्या बाजूची मार्गिका शक्यतो टाळावी आणि तिथे गाडी कधीही उभी करू नये. पुढे धारगळला मोपा विमानतळाचा जोडरस्ता येऊन मिळतो. विमान गाठण्याच्या घाईतील टॅक्सी इथे शेवटच्या क्षणी मार्गिका बदलतात, तेव्हा आरशात पाहिल्याशिवाय डावीकडे सरकू नये.

धारगळपासून म्हापशापर्यंत रस्ता प्रशस्त आहे. मधल्या दुभाजकामुळे समोरासमोरच्या धडकेची धास्ती गेली, आणि जुन्या ७ मीटर रुंदीच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरणाऱ्या प्रत्येकाला याचे मोल कळेल. परंतु ज्या गावांच्या मधून हा रस्ता गेला, त्यांच्या वाट्याला नवीनच संकट आले आहे. घर एका बाजूला आणि शेत, शाळा किंवा दुकान दुसऱ्या बाजूला असलेल्या माणसाला पलीकडे जाण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागतो. तो वाचवण्यासाठी दुचाकीस्वार कडेने उलट दिशेने येतात आणि बायामाणसे दुभाजक ओलांडतात. अशा दोन दुचाकी सकाळच्या अंधारात, दिव्याशिवाय, माझ्या समोर आल्या. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण सलग सर्व्हिस रोड आणि गावाच्या सोयीच्या जागी भुयारी मार्ग नसेल, तर रुंदीकरण गावकऱ्यासाठी सुरक्षित झाले असे मी म्हणणार नाही. वाहनचालकाने वस्तीच्या भागात डावी मार्गिका मोकळी समजू नये आणि अंधारात वेग ६० च्या वर नेऊ नये.

पर्वरीला आमचा सर्वाधिक वेळ गेला. इथे सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या सहापदरी उड्डाणपुलाचे काम चालू आहे. त्याच कामासाठी मार्च २०२५ मध्ये देव खाप्रेश्वराचे स्थान आणि त्याजवळचा जुना वड लोकांचा विरोध असतानाही हलवण्यात आला. आई त्या जागेवरून जाताना दर वेळी हात जोडत असे, तसे तिने या वेळीही जोडले. या पुलाची गरज मला मान्य आहे, कारण म्हापसा आणि पणजी यांच्यामधली वाहतूक पर्वरीच्या चौकांनी कित्येक वर्षे अडवून धरली होती. तरीही काम चालू असतानाची सुरक्षितता हा कामाचाच भाग असतो, आणि तिथे मला उणीव दिसली. एका डायव्हर्शनचा फलक वळणाच्या अगदी तोंडावर होता, शिवाय सिमेंटच्या ठोकळ्यांवरील चमकत्या पट्ट्या धुळीने झाकलेल्या होत्या. मी ब्रेक दाबला आणि मागच्या टेम्पोचालकानेही वेळेवर दाबला, म्हणून निभावले. पर्वरी सकाळी सातच्या आत पार करावी आणि डायव्हर्शनची जागा दर काही आठवड्यांनी बदलते हे गृहीत धरून, मागच्या फेरीच्या आठवणीवर विसंबू नये. मडगावकडे जाणाऱ्या ज्यांना पणजीत काम नाही, त्यांना डिचोली-फोंडा-बोरी मार्ग आहे. तो अरुंद आणि वळणांचा आहे, पण ऐन गर्दीच्या वेळी मन शांत राहते.

मांडवी ओलांडताना दुचाकीस्वारांनी लक्षात ठेवावे की २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकी यांना मनाई आहे. त्यांनी खालच्या जुन्या पुलांवरूनच जावे.

जुवारी नदीवर आल्यावर आई बोलू लागली. १९८३ मध्ये पूल होण्याआधी ती आगशीहून कुठ्ठाळीला फेरीबोटीने जात असे. नंतर तो पूलही थकला, अवजड वाहनांना त्यावर बंदी आली आणि दोन्ही बाजूंना रांगा लागू लागल्या. काही वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना काणकोणहून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आणताना रुग्णवाहिका कुठ्ठाळीच्या उतारावर तासभर अडकली होती, आणि तो तास आई आजही विसरलेली नाही. नव्या केबल पुलाच्या पहिल्या चार मार्गिका २९ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झाल्या आणि उरलेल्या चार पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये. या वेळी आम्ही दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोहोचलो. दक्षिण गोव्यातील गंभीर रुग्णांची बांबोळीची वाट याच पुलावरून जाते, त्यामुळे फोटो काढण्यासाठी पुलावर गाडी थांबवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी तसे करू नये. सायरन ऐकू आल्यास इंडिकेटर देऊन डावीकडे व्हावे.

वेर्ण्यापर्यंत प्रवास सुखाचा झाला. नुव्याहून मडगावचा पश्चिम बगलरस्ता धरला की शहराची कोंडी टळते. बाणावलीच्या सखल भागात भराव घालण्याऐवजी रस्ता खांबांवर उभारावा ही मागणी तिथल्या लोकांनी चिकाटीने लावून धरली होती, कारण साळ नदीचे पुराचे पाणी भरावामुळे शेतात आणि घरांत तुंबले असते. खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) आणि मानशी (तिच्या बांधातील पाण्याची दारे) यांच्यावर वाढलेल्या गोमंतकीयाला पाण्याची वाट अडवण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज त्या रस्त्याचा काही भाग खांबांवर आहे, आणि सुरक्षित रुंदीकरण मी त्यालाच म्हणेन.

नावेलीला बगलरस्ता संपतो आणि तिथेच प्रवासातील सर्वांत धोक्याचा सांधा येतो. मोकळ्या रस्त्यावर वेगाला सरावलेला पाय लगेच मागे येत नाही, आणि समोर एकदम दुपदरी रस्ता, बाजार, बसथांबे आणि कारवारकडून येणारे ट्रक उभे राहतात. कुंकळ्ळीची बाजारपेठ तर महामार्गाच्या काठावरच आहे. या भागासाठी बगलरस्त्याची चर्चा अनेक वर्षे ऐकतो आहे. तोवर नावेलीच्या आधी अर्धा किलोमीटर वेग कमी करावा, हेडलाइट चालू ठेवावे आणि बाळ्ळीला थोडा विसावा घेऊन मगच करमल घाटात शिरावे.

घाट लांब नाही, परंतु वळणे आंधळी आहेत आणि दोन्ही बाजूंना जंगल आहे. तिथे रुंदीकरण करायचे म्हणजे झाडे आणि डोंगर कापणे आले, म्हणून तो भाग मागे राहिला हे मी समजू शकतो. पण तुटलेले कठडे बदलणे, वळणावर आरसे लावणे आणि मधली पांढरी रेघ ठळक ठेवणे यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. घाटात ओव्हरटेक करू नये. ट्रकच्या मागे राहिल्याने फार तर दहा मिनिटे जातात. पावसात आणि धुक्यात, तसेच काळोख पडल्यावर, हा घाट टाळता आला तर टाळावाच.

काणकोणच्या ‘चार रस्ता’ नाक्याहून माशेपर्यंतचा बगलरस्ता, जो २०१९ च्या अखेरीस खुला झाला, तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांवरून थेट जातो आणि काणकोण शहराचा वळसा वाचवतो. त्यावर रात्री गुरे बसतात, हे मामांनी मुद्दाम सांगितले. आम्ही नऊला पोहोचलो. म्हणजे थांबे धरून साडेतीन तास लागले.

परतीला मामा आम्हाला जेवण झाल्यावर तीनच्या पुढे बसू देईनात. घाट उजेडात उतरावा आणि पर्वरीला संध्याकाळी सहाच्या गर्दीत पोहोचलो तर पणजीत थांबून आठनंतर निघावे, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. पुढच्या वेळी आईने काणकोणपर्यंत कोकण रेल्वेने यावे, स्थानकावर आपण घ्यायला येऊ, असेही त्यांनी सांगून ठेवले आहे.