आळंदीची इंद्रायणी पंढरपुरात भेटली

यंदा पहिल्यांदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालले, माऊलींच्या पालखीबरोबर, रथामागच्या एका दिंडीत. लोक विचारतात रिंगण कसं होतं, दिवे घाट किती दमवतो, पाय सुजले का. ते सगळं झालंच, पण मला सांगायचंय ते नद्यांबद्दल, कारण घरी आल्यापासून डोक्यात तेच चालू आहे.

सुरुवात इंद्रायणीपासून. प्रस्थानाच्या दिवशी घाटावर गेले तर पाण्यावर पांढरा फेस, वरून सोडलेल्या सांडपाण्याचा, आणि त्याच पाण्यात माणसं डोळे मिटून डुबकी मारतायत. मला पाय घालवेना. ज्या नदीत तुकोबांची गाथा बुडवली आणि तेरा दिवसांनी कोरडी वर आली अशी श्रद्धा आहे, ती हीच नदी, देहूही हिच्याच काठावर. इंद्राने इथे यज्ञ केला म्हणून इंद्रायणी हे शाळेत असताना ऐकलेलं. गोष्टी आठवत होत्या आणि समोर फेस दिसत होता, खूप वाईट वाटलं, खरंच रडायला आलं.

माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, पुढे सगळी वाट त्यांच्याबरोबरच चालले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "माय आजारी पडली म्हणून तिच्याजवळ जायचं सोडतेस का?" मग मी पण खाली उतरले.

आजींना नद्यांच्या गोष्टी तोंडपाठ, आणि चालताना सांगायची पद्धत अशी की दोन अभंगांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढी गोष्ट, उरलेली पुढच्या विसाव्याला. पुण्यात पूल ओलांडताना मुळा-मुठेची गोष्ट झाली, एका राजाचं तप मोडायला इंद्राने दोन अप्सरा पाठवल्या, त्याने शाप देऊन त्यांच्या नद्या केल्या आणि सुटका कधी, तर भीमेला मिळाल्यावर. सासवडला कऱ्हा. पांडवांना यज्ञाला पाणी हवं होतं, ब्रह्मदेव ध्यानात बसलेले, कमंडलू लवंडला गेला आणि त्यातून वाहिली ती कऱ्हा. लग्नात करवलीच्या हातात असतो तो करा, त्याच्यावरूनच नाव, असं आजी म्हणतात आणि मला ते पटतं. जेजुरीचा खंडोबा सोमवती अमावस्येला पालखीत बसून याच कऱ्हेवर अंघोळीला येतो.

वाल्ह्यानंतर नीरा. इथे माऊलींच्या पादुकांना दत्त घाटावर स्नान घालतात, आणि ती गर्दी, तो माऊली माऊली असा गजर, दोन्ही काठ माणसांनी भरलेले, मी लांबूनच बघितलं, पादुका मला दिसल्यासुद्धा नाहीत पण अंगावर काटा आला तो अजून आठवतो. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा लागतो. मागे वळून वळून नदीकडे बघणारे कितीतरी जण होते.

खरी गोष्ट मात्र तरडगावच्या मुक्कामी. रात्री पाऊस, राहुटीच्या एका बाजूने पाणी आत येतंय, झोप कोणालाच नाही, आणि आजींनी पुंडलिकाची गोष्ट काढली. विटेवरचा विठ्ठल सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या आधीचं फार कोणी सांगत नाही. पुंडलिक आधी आईबापांना छळायचा. काशीला निघाला, वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. ऋषींना विचारलं काशी किती लांब, ते म्हणाले मी कधी गेलो नाही, मला ठाऊक नाही. याला वाटलं कसला हा ऋषी. मग पहाटे त्याने बघितलं की तीन बायका आल्या, मळक्या, काळवंडलेल्या, कपडे घाणीने भरलेले. त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, पाणी भरलं, आणि काम संपवून बाहेर पडल्या तेव्हा कपड्यांवर एक डाग नाही. विचारलं तुम्ही कोण. तर गंगा, यमुना, सरस्वती. लोक येऊन आमच्यात पापं धुतात, त्याने आम्ही अशा होतो, आणि हा ऋषी आईबापांच्या सेवेत आहे म्हणून इथे झाडू मारायला येतो, त्याने पुन्हा निर्मळ होतो, असं त्या म्हणाल्या. मग पुंडलिकाचे डोळे उघडले आणि तो आईबापांकडे वळला.

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली असेलच, पण नद्या मळतात हे त्यात इतकं सरळ सांगितलंय हे कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आपल्या जुन्या माणसांना माहीत होतं की नदी सगळं पोटात घेते पण ते कुठे जात नाही, तिच्याच अंगावर राहतं. इंद्रायणीचा फेस डोळ्यासमोर आला. आजी घोरायला लागल्या तरी मी जागीच.

नातेपुत्याला मोबाईल चार्जिंगला लावून सहज मॅप उघडला आणि नद्यांच्या रेषेवरून बोट फिरवत गेले. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेतच. कऱ्हा सोनगावला नीरेत, आणि नीरा नीरा नरसिंहपूरला भीमेत, उजनी धरणाच्या खाली. आणि भीमा तिथून पंढरपूर. म्हणजे आळंदीपासून आम्ही जी जी नदी ओलांडली ती प्रत्येक नदी आमच्या आधी नाहीतर मागून, आपापल्या वाटेने, पंढरपूरलाच निघालेली! मी आजींना उठवून दाखवलं. त्यांना मॅप काही कळला नाही पण म्हणाल्या, "मग, त्या काय वारी चुकवत्यात व्हय."

भीमा भीमाशंकरला उगम पावते, त्रिपुरासुराला मारल्यावर शंकराला जो घाम आला त्याची नदी झाली असं मानतात. मला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, एवढी मोठी नदी आणि ती कष्टाच्या घामातून आलेली. पंढरपुरात ती वळण घेते चंद्रकोरीसारखं म्हणून तिथे चंद्रभागा. दुसरी कथा अशी की दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय लागला आणि तो इथे न्हाऊन बरा झाला. ही गोष्ट सोमनाथच्या प्रभासबद्दलही सांगतात, पण वारकऱ्यांना ते सांगून उपयोग नाही, त्यांच्या लेखी गंगा-गोदा नव्हत्या तेव्हाही चंद्रभागा होती.

वाखरीहून शेवटचा टप्पा कसा चालले ते आठवतही नाही. एकादशीच्या पहाटे वाळवंटात पोचलो, उजनीतून पाणी सोडलेलं असल्याने नदी भरून वाहत होती. समोर पुंडलिकाचं देऊळ, पहिला नमस्कार त्याला मग विठ्ठलाला. पाण्यात उतरले आणि एकेकीचं नाव घेत बुडी मारली, इंद्रायणी, मुळा, मुठा, कऱ्हा, नीरा. आळंदीला जिच्यात पाय घालवत नव्हता तीच इथे गळ्यापर्यंत होती.

बाहेर आले तर काठावर लोकांनी सोडलेले जुने कपडे, हार, प्लास्टिकच्या पिशव्या. शेजारच्या एका बाईने आजींना सांगितलं की अंगावरचं जुनं लुगडं नदीला सोडायचं असतं, पीडा जाते. आजी काही बोलल्या नाहीत. कोरडं लुगडं नेसून झाल्यावर ओलं पिळलं, दोनदा पिळलं, घडी केली आणि मला म्हणाल्या, "तुझ्या पिशवीत ठेव गं, माझी भरलीय. तिच्या अंगावर अजून कशाला टाकायचं."

कळसाचं दर्शन घेऊन मुक्कामाच्या मठापर्यंत गर्दीतून जायला दोन तास लागले, आणि तेवढा वेळ त्या लुगड्याचं पाणी माझ्या पाठीवरून खाली गळत होतं.