व्हाउचरवरचे दोन चौकोन

आज कॉलेजात एका तृतीयपंथी कार्यकर्तीचं व्याख्यान ठेवलं होतं. हॉल भरला (हजेरी सक्तीची होती, खोटं कशाला बोलू!). तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नाल्सा निकालावर त्या छान बोलल्या, पण पोरांनी मोबाइल खाली ठेवले ते विरार लोकलचा विषय निघाल्यावर. लेडीज डबा की जेंट्स, रोज प्लॅटफॉर्मवर ठरवायचं.

मग मी मानधनाचं व्हाउचर पुढे केलं. त्यावर दोनच चौकोन, पुरुष आणि स्त्री. मला घाम फुटला. पॅनच्या अर्जात २०१८ पासून तिसरा पर्याय आहे, आमचं व्हाउचर मात्र झेरॉक्सची झेरॉक्स.

त्यांनी शांतपणे पेनाने तिसरा चौकोन काढला आणि टिक केली.

"मॅडम, खाडाखोड चालत नाही," अकाउंट्सवाले काका.

"खाडाखोड कुठे काका, भर घातलीय."

व्हाउचर अजून माझ्याच पर्समध्ये आहे.