मोठी सुट्टी आन डाबडुबली

रविवार, रात्र

झोप येऊन नाही राहिली, त्यामुळं लिहून काढते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या आन एक वरांडा, दारव्हा तालुक्यात. घंटा म्हणजे निंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. तो शकुंतलेचाच आहे असं मोठी पोट्टी छातीठोक सांगायची, शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ चालायची ती नॅरोगेज गाडी, दारव्ह्यावरूनच जायची. खरं खोटं देव जाणे, पण आवाज असा की वावरातले लोक त्याच्यावर भाकरी सोडायचे. छोटी सुट्टी नुसती पाणी प्यायला. खरी ती मोठी सुट्टी.

1996-97 ची गोष्ट, तेव्हा आमच्याकडे शाळेत खिचडी शिजत नव्हती. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ भेटायचे, थैली घेऊन लाइनीत उभं राहायचं. त्यामुळं सुट्टीत जेवायला घरीच. जेवायला म्हणजे काय, भाकरीवर तिखट-तेल टाकून सुरळी करायची आन खात खातच परत पळायचं, माय मागून ओरडून राहिली की बसून खाय पोट्टे, पण थांबायचं कसं, जो शेवटी येईल त्याच्यावर डाव. हा नियम कोणी केला माहीत नाही पण कोणी मोडलाही नाही.

आन खेळ म्हणजे डाबडुबली. लगोरी, कंचे, नदी-पहाड हे सगळं होतंच, पण डाबडुबलीची सर कशालाच नाही असं माझं अजूनही मत आहे. चिंचेखाली काडीनं गोल आखायचा, एकानं तंगडीखालून दांडकी जितकी लांब फेकता येईल तितकी फेकायची, ज्याच्यावर डाव आहे तो दांडकी आणायला धावला की तेवढ्यात बाकी सगळे झाडावर. त्यानं दांडकी आणून गोलात ठेवायची आन मग वर चढून एखाद्याला शिवायचं, आन वरच्यांनी त्याला चुकवून उड्या मारून खाली येऊन दांडकी पकडायची. ऐकायला सोपं आहे. पण दांडकी सोडून वर चढला की मागून कोणीतरी उतरते, आन खाली राखण करत बसला की वरचे पाय हलवत चिडवतात, "ये ना बे वर, काऊन भेते". सगळा खेळ या कात्रीतच आहे. चिंचच का, तर चिंचेची फांदी लवते पण लवकर मोडत नाही. शेवग्यावर चढायचं नाही हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, शेवगा कटकन मोडते.

मी पोरगी म्हणून मला कोणी झाडावर चढू नको म्हटलं नाही, निदान चौथीपर्यंत तरी. पाचवीत बाजूच्या गावच्या शाळेत गेली आन तिथं पोरी वरांड्यात सागरगोटे आन पोट्टे मैदानात, असं आपोआपच होऊन गेलं. सागरगोटे काही वाईट नाही, पण झाड ते झाड.

लहान भावंडं सोबत यायची, शाळेत नाव नसलं तरी. माय वावरात गेली की त्यांना ठेवायचं कुठं. मग ते कच्चा लिंबू. त्यांना शिवलं तरी डाव येत नाही, पण त्यांना ते कळू द्यायचं नाही, त्यांना वाटलं पाहिजे की आपण खरंच खेळून राहिलो. आमच्या गल्लीतलं एक पोट्टं दोन वर्ष कच्चा लिंबू होतं आन ज्या दिवशी त्याला खरा डाव दिला त्या दिवशी ढसाढसा रडलं.

लगोरीचा बॉल विकत आणल्याचं मला काही आठवत नाही. घरोघरी कापूस, जुन्या मोज्यात ठासून भरायचा आन वरून सायकलच्या ट्यूबचे रबर कापून चढवायचे, पाठीत बसला की वळ उठायचा. क्रिकेटच्या स्टंपाही पऱ्हाटीच्याच, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या काड्यांच्या. वेचणी सुरू झाली की मात्र वर्गातली मोठी पोरं गायब आन मैदान अर्धं रिकामं. पावसात काळ्या मातीत पाय उचलत नाही तेव्हा लोखंडी गज रोवत रोवत जायचं, ज्याचा गज पडला तो हरला. आमच्याकडे शाळाही जूनच्या शेवटीच उघडायची, बाकी महाराष्ट्राची पंधरा तारखेलाच, ऊन्हच तसं.

एक गुरुजी होते, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, ते कधीमधी स्वतः धोतर खोचून कबड्डीत उतरायचे. ते म्हणायचे 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आमच्या मंडळाच्या पोरांनी तिथं कबड्डी खेळून दाखवली. आम्ही हसायचो, म्हटलं गुरुजी फेकून राहिले. नंतर वाचलं तर खरंच निघालं.

मागच्या आठवड्यात भाच्याच्या दाखल्यासाठी त्या शाळेत गेली होती. आता वॉलकंपाऊंड आहे, फरशी आहे, टीव्ही आहे, खिचडी शिजते, आन पट वीसच्या आत. बाकीची पोरं सकाळी पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. सगळे म्हणतात मोबाईलनं खेळ संपवले, मला नाही पटत, तिथली पोरं सुट्टीत धावूनच राहिली होती. पण चार वर्ग मिळून एवढी पोरं, त्यातली अर्धी पहिली-दुसरीची, लगोरीचे दोन गट पाडायचे कसे? कच्चा लिंबू करायलाही पक्के पोट्टे लागतात ना. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची गोष्ट निघाली तेव्हा गावात बोंबाबोंब झाली, लेकरांना लांब जावं लागेल म्हणून, ते बरोबरच आहे. पण खेळायला गडी भेटतील हे कोणी बोललंच नाही.

हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं संध्याकाळी. वाटलं कोणी तरी हळहळेल. तर चुलतभावाची व्हॉइस नोट, "ते सारं राहू दे, चौथीत शेवटच्या दिवशी तुले मी चिंचेवर शिवलं होतं, तुहा डाव बाकी हाय". मी लिहिलं टाइम प्लीज घेतला होता. तो म्हणते झाडावर टाइम प्लीज चालत नाही. मोठी वहिनी त्याच्या बाजूनं, माझी बहीण माझ्या बाजूनं, साडेअकरा वाजले आन तो अजून टाइप करूनच राहिला.